दादा येईपर्यंत तू थांबली नाहीस, अक्का

अक्का,

काल तुझ्या जलदानाच्या, तू गेल्यानंतरच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "त्यांचा स्वभाव अतिशय शांत होता." मी पदर तोंडावर धरला. लोकांना वाटलं, धाकटी जाऊ रडतेय. शेजारच्या बाईनं पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं. मी हसत होते गं. तू आणि शांत! तू दारात उभी राहून हाक मारलीस की फाट्यावरच्या हॉटेलात चहा गाळणारा दचकायचा. पण हे कानात सांगायला तू शेजारी नव्हतीस, मांडीला चिमटा काढायलाही नव्हतीस. मग हसता हसता खरंच रडू आलं आणि त्या बाईचं पाणी कामी आलं.

सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर मी तुला "अहो अक्का" म्हणायचे आणि विहिरीवर गेलं की "ए अक्के". आता सासूबाई नाहीत, विहीर बुजली, भिण्यासारखं कुणी उरलं नाही. तेव्हा इथं एकेरीतच लिहिते. आवडलं नाही तर येऊन सांग.

मी लग्न होऊन तामलवाडीला आले तेव्हाची मी तुला आठवते का? मला लख्ख आठवते, आणि आठवली की त्या पोरीच्या टाळक्यात एक मारावीशी वाटते. प्राथमिक शाळेत नोकरी लागलेली, मनगटावर घड्याळ. भाकरी थापतानासुद्धा ते काढायचं नाही, मग पीठ आत जाऊन काटा अडकायचा आणि बाई शाळेत उशिरा पोचायच्या. दिवस गेले तेव्हा कुठूनसं गरोदरपणावरचं एक पुस्तक मिळवलं होतं. ते वाचून मी तुला शिकवायचे. "अक्का, गरोदर स्त्रीनं डाव्या कुशीवर झोपावं." तू शेण काढता काढता म्हणायचीस, "झोप की मग. धरलंय कुणी?"

आणि माहेराचा केवढा तोरा! पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी पाठ होती. माहेर येरमाळ्याच्या पुढं. दादा न्यायला येणार, तुळजापूर, उस्मानाबाद करत आम्ही जाणार, आई वाटीत तूप घेऊन दारात उभी. ट्रंक मी कधीचीच भरून ठेवली होती. रोज उघडायची, घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या. तू एकदा म्हणालीस, "त्या ट्रंकेलाच दिवस गेलेत का काय?"

कळा मात्र दादाच्या आधी आल्या.

सकाळची वेळ. मी उंबऱ्याच्या आत, हात दारच्या चौकटीला. पाणी गेलं. सासूबाई म्हणाल्या, "येतोय म्हणून निरोप हाय त्याचा. पहिलं बाळंतपण हाय, त्यांचा मान हाय. पोरगा येईपतोर कड काढंल ती." आणि मी, शिकलेली, पुस्तक वाचलेली, मी काय म्हणाले? "दादा आल्याबिगर मी उंबरा ओलांडणार न्हाय!" कळ आली की ओरडायचं आणि गेली की हे वाक्य म्हणायचं. एवढी अक्कल घड्याळासकट माझ्याकडं होती.

तू आतून आलीस. फरशीवरचं पाणी बघितलंस. हिरवट होतं. तुझं तोंड एकदम बंद झालं. तुझं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून मीही गप्प झाले.

"हे पाणी म्या बघितलंय," तू म्हणालीस. "आत्या, हिला न्ह्यायला पायजे. आत्ता."

"आगं पन भाऊ येतोय तिचा..."

"येऊ द्या. आला की जेवू घाला त्याला."

आणि तू रस्त्याकडं पळालीस. पळालीस म्हणजे चप्पलसुद्धा न घालता. सोलापूरला जाणारी दुधाची गाडी फाट्यावर उभी होती, तिच्यासमोर जाऊन आडवी झालीस. गाडीवाले चाचा म्हणाले, "बाई, दुधाची गाडी हाय ही. उशीर झाला तर माल नासतो."

"दूध उद्या पुन्यांदा येतंय चाचा. ही न्हाय येनार. उघडा मागचं!"

चाचांनी स्वतःची सतरंजी काढून कॅनांच्या मधे अंथरली.

त्या गाडीतला आपला संवाद मी पुढं कितीदा तरी तुझ्या आवाजात करून दाखवला, पोरं पोट धरून हसायची. पण त्या दिवशी मी मरणाची घाबरले होते, अक्का. पोट दगडासारखं झालं होतं आणि आत हालचाल लागत नव्हती. घाबरलेलं माणूस वाटेल ते बोलतं.

"अक्का, गाडी उलटीकडं चाललीय. दादा तुळजापूरकडनं येणार."

"व्हय. त्याला म्हणावं दम खा."

"माझी ट्रंक ऱ्हायली."

"ट्रंकेला कळा येत न्हायत. श्वास घे."

"आईला काय वाटंल?"

"तुझ्या आईला तू जित्ती पायजेस का मानानं पायजेस, ते मी इचारते नंतर. श्वास घे म्हणते ना!"

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पोटाला नळी लावून त्यांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि मला न सांगता तुझ्याकडं वळल्या. "बाळाचे ठोके मंद पडतायत. बाळ अडकलंय. पोटातून काढावं लागेल, आणि लगेच. भूल देणारे डॉक्टर आत्ता इथं आहेत. हिचा नवरा कुठाय?"

नवरा परभणीला नोकरीवर.

"आईवडील? सही कोण करणार? उशीर करू नका, नंतर विचारलंत तर बाळाचं मी काही सांगू शकणार नाही. हिचंही."

रीतीनं बघितलं तर तू माझी कोण? जाऊ. माझ्या पोटावर तुझा काय हक्क? उद्या काही बरंवाईट झालं असतं तर माझं माहेर, तुझं सासर, माझा नवरा, सगळ्यांनी मिळून तुझी सालटी काढली असती. हे तुला माहीत नव्हतं असं नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, निरोप धाडते, मोठ्या माणसांना येऊ द्या.

तू म्हणालीस, "मी हिची आई."

डॉक्टरीणबाईंनी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी तू. केसांत एक पांढरा नाही. पाय अनवाणी. "तुम्ही आई? वय काय तुमचं?"

"आमच्यात लगीन लई लवकर होतंय."

आता खरं तर मी गप्प बसायचं ना? पण मास्तरीण ती! कुणी चुकलं की दुरुस्त केल्याशिवाय चैन नाही. मी तशा कळेतसुद्धा मान वर करून म्हणाले, "अहो नाही, या माझ्या जाऊबाई..." आणि तू माझं तोंड तुझ्या पंजानं दाबलंस. "बरळायलीय पोरगी. चला, घ्या हिला आत." डॉक्टरीणबाई एक क्षण तुझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं असणार, त्या काही बावळट नव्हत्या. त्यांनी अंगठा घेतला आणि मला आत घेतलं.

बाहेर काय झालं ते मला तुझ्याकडूनच कळलं, आणि तू ते दरवेळी वेगळं सांगायचीस. कधी म्हणायचीस की भिंतीला टेकून उभी होते, कधी म्हणायचीस की जिन्यावर बसले. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. बाळ काढल्यावर लगेच रडलं नाही. आत माणसांची गडबड ऐकू येत होती आणि रडणं येत नव्हतं. मग आलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत. तू सांगताना इथवर आलीस की थांबायचीस, नाक पुसायचीस आणि म्हणायचीस, "तेव्हापासनं हिचं तोंड बंद न्हाय."

माझ्या आधी माझी सुजाता तू हातात घेतलीस.

दादा दुपारी पोचला. तामलवाडीला उतरून, सासूबाईंकडून ऐकून, तसाच सोलापूरला आला. हातात नवी साडी, चेहरा तोबऱ्यासारखा. बाळ बघायच्या आधी म्हणाला, "आमची वाट बघायची रीत न्हाय का तुमच्यात? आमचा काही मान?"

तू म्हणालीस, "मान घरी ठिवलाय पाव्हणं, झाकून. जाताना घेऊन जावा. आधी भाचीकडं बघा."

त्यानं बघितलं. मग तो खाली बसला आणि साडीत तोंड घालून रडला. दादा तसा चांगलाच होता. रीत वाईट नव्हती गं, लेकीला आईजवळ आराम मिळावा म्हणूनच असेल. फक्त त्या रीतीला घाई कळत नव्हती.

त्यानंतर आपण दोघी वॉर्डात होतो, टाके काढेपर्यंत. एके दुपारी खाटेशी बसून तू मोसंबी सोलत होतीस. बाळ झोपलेलं. मी तुझ्यावर रुसलेच होते थोडी, कारण टाके दुखत होते आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "अगंबाई, फाडलं का?" मी म्हणाले, "अक्का, थोडं थांबली असतीस तर कदाचित आपसूक झालं असतं."

तू मोसंबीवरून नजर उचलली नाहीस. म्हणालीस, "माझ्या येळंला थांबले व्हते. माझ्या भावाची वाट बघितली सगळ्यांनी. असंच पाणी व्हतं." मग एक फोड सुटी केलीस, बी काढलंस. "तो आला. साडी घेऊन आला."

आणि साल गोळा करता करता, "लेक व्हती."

एवढंच. तुला पुढं मूल झालं नाही हे मला माहीत होतं. का झालं नाही हे घरात कुणी बोलायचं नाही. तू फोड पुढं केलीस, मी ती खाल्ली. अजून मोसंबी सोलताना मला बोलता येत नाही, पोरं म्हणतात आजी आज गप्प का.

"आपसूक झालं असतं" हे वाक्य मात्र मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

घरी आल्यावर महिनोन् महिने माझ्या वाटचं पाणी तू ओढलंस. सासूबाई म्हणाल्या, पोट शिवलेली बाई म्हणजे उसवायच्या भीतीची. तू म्हणालीस, उसवली तर पुन्हा शिवू, दोरा हाय घरात. सुजाता तुला मोठीआई म्हणायला लागली आणि मला नुसतं आई, म्हणजे माप तिथंच ठरलं. हे परभणीहून आले तेव्हा तर तू कहरच केलास. डोक्यावर पदर घेऊन ह्यांच्यासमोर बसलीस. "दवाखान्यात मी हिची आई झालेय. म्हणजे तुमी माझे जावई. जावईबापू, सासूच्या पाया पडा." वहिनीची सासू झालेली बघून हे गोंधळले, आणि खरंच वाकले. त्या दिवसापासून तुला दिवाळीला ह्यांच्याकडून सासूची साडी. मी तक्रार केली की माझी साडी हलकी आणि तुझी भारी, तर म्हणायचीस, "आईचा मान मोठा असतोय, मास्तरीण."

मला आई होती गं, येरमाळ्याच्या पुढं. ती वाटीतलं तूप घेऊन दारात उभी राहायची. पण त्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात जिचा अंगठा लागला तीही आईच. हे मी तुला कधी तोंडावर म्हणाले नाही. तू डोक्यावर बसली असतीस.

आपलं शेवटचं भांडणही याच गोष्टीवर होतं, बघ. तुझं म्हणणं एकच. बाई अडली की गाडी, दवाखाना, टेबल. गल्लीतल्या प्रत्येक सुनेच्या वेळी तू ॲम्ब्युलन्सच्या आधी दारात. व्याही लोक तुला टरकायचे. आणि मी म्हणायचे, अक्का, काळ बदलला. आता काही ठिकाणी गरज नसतानाही पोट फाडतात. पोरी कळांना भितात, कुणाला मुहूर्त साधायचा असतो. हेही बाईच्या जिवाला बरं नाही. घाई करायची ती जिथं घाई आहे तिथं.

"आन् घाई हाय का न्हाय हे कुठं कळतंय? उंबऱ्यात बसून का दवाखान्यात जाऊन?"

"दवाखान्यातच. मी कुठं नाही म्हणतेय?"

"मग भांडायलीस कशाला?"

"तू भांडायलीस!"

"माझं डोकं दुखायलंय. उद्या भांडू."

असं म्हणून तू आत गेलीस. सकाळी चहा घेऊन मी आले तर तू उठली नाहीस. अक्का, मी आयुष्यभर तुझ्याशी इतकी भांडले की त्यातलं एक राहिलं तर काय बिघडलं, असं लोकांना वाटेल. पण तेच राहिलेलं भांडण मला रात्रंदिवस हवंय. मी हरायलासुद्धा तयार आहे. थोडीशी.

तुला आंघोळ घालताना तुझा उजवा पंजा माझ्या हातात होता. अंगठ्याच्या खाली ती खूण. तू जगभर सांगत आलीस की ही मास्तरीण चावली, आणि मी जगभर सांगत आले की दुधाच्या कॅनची कड लागली असेल. नीट बघितलं. दोन ओळी, वरची आणि खालची. कॅनला एवढे दात नसतात. मान्य. मी तो पंजा जरा जास्तच वेळ धुतला, तेव्हा बायका म्हणाल्या, सोडा आता.

आता तुला कालची गोष्ट सांगते, ती सांगायलाच बसले आहे.

ऋतुजा, आपल्या सुजाताची लेक, तिचे दिवस भरत आलेत हे तुला माहीतच होतं. काल मांडवात वंदना संपली, लोक जेवायला बसत होते, आणि धाराशिवहून सुजाताचा फोन आला. "आई, ऋतुजाच्या बाळाचे ठोके कमी झालेत. डॉक्टर म्हणतायत, सिझेरियन करावं लागेल. तिच्या सासरची माणसं वाटेत आहेत..."

पुढचं मी ऐकलंच नाही. अक्का, माझ्या गळ्यात तुझा आवाज चढून आला. सगळा मांडव ऐकेल असा. "सुजे, कुणासाठी थांबायचं न्हाय! मान गेला चुलीत! कुठाय सही, कर सही!"

पंगतीतले लोक वळून बघायला लागले. त्या शांत स्वभाववाल्या गृहस्थांनी तर पत्रावळच खाली ठेवली.

फोनवर सुजाता म्हणाली, "आई, ओरडू नको. थांबलंय कोण? ऋतुजानं तिची तिनंच सही केली. सासऱ्यांना फोन करून सांगितलं, तुम्ही सावकाश या. आत गेलीसुद्धा."

मी तिथंच खाली बसले. एवढा आवाज काढला, आणि कुणाला त्याची गरजच नव्हती. कुणी अनवाणी पळालं नाही, कुणाची गाडी अडवली नाही, कुणाला खोटी आई व्हावं लागलं नाही. पोरीनं पेन घेतलं आणि नाव लिहिलं. तू असतीस तर तुला पटलं नसतं. म्हणाली असतीस, एवढं सोपं असतंय व्हय?

मी जेवले नाही. खीर वाढायला आले त्यांना नको म्हणाले. मग पुन्हा फोन आला. मुलगी झाली. लगेच रडली. ऋतुजा बरी आहे.

आज सकाळी जाऊन बघून आले. ऋतुजा उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, पण हसत होती. मला म्हणाली, "आजी, मांडवात ओरडलीस म्हणे." मी म्हणाले, ती मी नव्हे. बाळ माझ्या मांडीवर दिलं. गुलाबी, सुरकुतलेलं, मुठी आवळलेलं. मग ऋतुजा म्हणाली, "आजी, मी ठरवलंय. मोठ्या आजीचं नाव ठेवायचं."

मला एवढं हसू आलं की बाळ दचकलं. धुरपता! तुला तुझं नाव किती नकोसं होतं हे या पोरीला काय माहीत. "एका नवऱ्याला भाकरी घालता घालता माझा जीव जातोय, त्या धुरपदीच्या पाचांचं माझ्या कपाळी कशाला?" असं तू नाव लिहून घ्यायला आलेल्या शाळेच्या मास्तरांनासुद्धा ऐकवलं होतंस. मी ऋतुजाला म्हणाले, "बाई गं, हे नाव ठेवलंस तर ती येऊन तुझ्या पाठीत घालेल. दुसरं बघ."

"मग तिला कुठलं नाव आवडायचं?"

मी तोंड उघडलं आणि मला उत्तर आलं नाही, अक्का. तुला चहा किती गोड लागतो, कुठल्या पायाला थंडीत गोळे येतात, कुणाची सून तुला आवडत नाही आणि का, सगळं मला माहीत. हे नाही. पोटातलं पोर सात महिन्यांचं झालं की कुठलीही बाई मनात नाव धरून असतेच. मी स्वतः ट्रंकेच्या घड्या घालता घालता वीस नावं ठेवली होती. तुझ्याही मनात एक असणार. तुझा भाऊ साडी घेऊन येईपर्यंत तू ते नाव पोटाशी धरून बसली असशील.

दवाखान्यात माझ्या आधी माझ्या लेकीला हातात घेतलंस तेव्हा तुझ्या ओठांवर ते आलं होतं का? मी त्या दुपारी फोड खाल्ली आणि गप्प बसले. त्यानंतर इतकी वर्षं एका अंगणात राहिलो, आणि विचारणं रोज उद्यावर गेलं.

ऋतुजा वाट बघतेय. तिला मी म्हणाले, विचारून सांगते. सवयीनं म्हणाले गं.

अक्का, तुझ्या लेकीचं नाव तू काय ठेवणार होतीस?